विश्लेषण : वळताना गाडी 'टकटक' करते... पुढचा एक्सल घरच्या घरी बदलता येतो का?

पावसाळा सरत आला की गॅरेजमध्ये एक ठरावीक तक्रार ऐकू येते. गाडी सरळ रस्त्यावर ठीक चालते, पण सोसायटीच्या वळणावर किंवा यू-टर्न घेताना पुढच्या चाकाकडून टकटक आवाज येतो. निदान बहुतेक वेळा दोन शब्दांत होते : 'एक्सल गेला'. खर्चाचा आकडा ऐकून अनेक जण मोबाइलवर व्हिडीओ शोधतात आणि वीस मिनिटांच्या त्या व्हिडीओत काम अगदी सोपे दिसते. ते खरोखर किती सोपे आहे, जिवाला धोका नेमका कुठे आहे आणि अख्खा एक्सल बदलण्याची गरज तरी असते का, याचा हा वेध.

हा एक्सल करतो काय?

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून थेट पुढच्या दोन चाकांना दिली जाते. ती पोहोचवणारे दोन पोलादी दांडे म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट. गॅरेजच्या बोलीत त्यालाच एक्सल म्हणतात. काम ऐकायला साधे आहे, पण या दांड्याची अडचण अशी की पुढची चाके नुसती फिरत नाहीत. ती स्टिअरिंगबरोबर डावी-उजवीकडे वळतात आणि खड्ड्यात खाली-वर होतात. म्हणजे दांडा सतत वाकड्या कोनात राहून फिरणार आणि तरीही चाकाला ताकद एकसारखी मिळाली पाहिजे.

ट्रक किंवा जीपच्या खाली लांब दांड्याला जो 'क्रॉस' दिसतो, तो इथे चालत नाही. साधा क्रॉस कोनात फिरला की चाकाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वाढतो, दोनदा कमी होतो. मागच्या एक्सलला कोन लहान असल्यामुळे ते खपून जाते. पुढच्या चाकात मात्र प्रत्येक वळणावर स्टिअरिंग हातात थरथरले असते. यावरचा तोडगा फोर्ड कंपनीतले अभियंता आल्फ्रेड झेप्पा यांनी १९२६ साली काढला. आतली वाटी, बाहेरची वाटी आणि त्यांच्यामध्ये पिंजऱ्यात बसवलेल्या सहा पोलादी गोळ्या, अशी ती रचना. दांडा कितीही वाकला तरी गोळ्या बरोबर मधल्या कोनात राहतात, म्हणून दोन्ही बाजूंचा वेग सारखाच राहतो. यालाच 'कॉन्स्टंट व्हेलॉसिटी' म्हणजे सीव्ही जॉइंट म्हणतात. १९५९ मध्ये आलेल्या ब्रिटिश 'मिनी'ने हा जॉइंट लहान मोटारीत रुळवला. आपल्याकडे अॅम्बेसेडर आणि प्रीमिअर पद्मिनी मागच्या चाकांवर चालत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि ही रचना मध्यमवर्गाच्या दारात येऊन उभी राहिली.

आज ऑल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, आय-१०, आय-२०, नेक्सॉन, पंच, होंडा सिटी या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. बोलेरो, ईको, इनोव्हा क्रिस्टा यांचे तसे नाही, त्यामुळे पुढचे सगळे त्या गाड्यांना लागू नाही.

प्रत्येक एक्सलला दोन जॉइंट असतात. चाकाकडचा बाहेरचा, जो मोठ्या कोनात वळतो; आणि गिअरबॉक्सकडचा आतला, जो थोडा आत-बाहेर सरकतो, कारण चाक खाली-वर होताना दांड्याला लागणारी लांबी बदलत असते. टकटक करतो तो बहुधा बाहेरचा.

एका रबराच्या फाटण्याने एवढे काय बिघडते?

दोन्ही जॉइंटवर घड्या-घड्यांचे रबरी आवरण असते. त्याला बूट म्हणतात. आत मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे काळे ग्रीस भरलेले असते आणि बूट शाबूत असेल तर त्याच ग्रीसवर जॉइंट वर्षानुवर्षे, लाखभर किलोमीटरच्या पुढेही विनातक्रार चालतो. खरे पाहता सीव्ही जॉइंट स्वतःहून क्वचितच मरतो. त्याला मारतो तो फाटका बूट.

रबर उन्हाने आणि वयाने कडक होते, घड्यांच्या तळाशी चिरा पडतात. मग एखादा दगड, तारेचा तुकडा, कधी उंदीर. ताशी १०० किलोमीटर वेगात छोट्या गाडीचे चाक मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेते. एवढ्या गरगरीत चिरेतून ग्रीस बाहेर फेकले जाते आणि चाकाच्या आतल्या बाजूला, ब्रेकच्या आसपास काळे शिंतोडे उडालेले दिसतात. त्याच चिरेतून रस्त्यावरचे चिखलपाणी आत शिरते. बारीक वाळू आणि उरलेसुरले ग्रीस मिळून पॉलिश पेपरसारखे काम करतात. गोळ्यांच्या खोबणी झिजतात, गोळ्यांना खेळ मिळतो आणि वळताना ताण आला की त्या खोबणीत आपटू लागतात. तीच टकटक.

कोकणातून घाट चढून आलेल्या किंवा जूनपासून सप्टेंबरपर्यंत शहरातल्या खड्ड्यांतून पोहत निघालेल्या गाड्यांत हे जास्त दिसते, यात नवल नाही. गाडी धुवायला टाकली की रॅम्पवर वर गेलेली असतेच. त्या वेळी मोबाइलचा टॉर्च मारून चारही बूट पाहून घ्यायला दोन मिनिटे लागतात. या लेखातला सगळ्यात स्वस्त सल्ला हाच.

दुखणे एक्सलचेच कशावरून?

मोकळ्या मैदानात जावे, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण फिरवून पहिल्या गिअरमध्ये हळूच अॅक्सिलरेटर द्यावा. चाकाच्या फेऱ्याबरोबर ठेक्यात टकटक आली आणि वेग वाढवताच ठेकाही वाढला, तर बाहेरचा जॉइंट झिजला आहे. डावीकडे वळताना आवाज येत असेल तर बहुधा उजव्या चाकाचा, उजवीकडे वळताना आला तर डाव्याचा. कारण वळणाच्या बाहेरच्या चाकावर भार जास्त पडतो. हा नियम काही दगडावरची रेघ नाही, म्हणून बूट डोळ्यांनी पाहूनच खात्री करावी.

आतला जॉइंट गेला असेल तर वळण्याचा संबंध नसतो. चढावर किंवा जोर देताना गाडी थरथरते आणि पाय सोडला की शांत होते. पाय सोडूनही ताशी ८०-९०च्या आसपास थरथर कायम राहिली, तर आधी चाकांचे बॅलन्सिंग तपासावे. घूं असा सलग आवाज वेगाबरोबर वाढत असेल तर संशय चाकाच्या बेअरिंगवर. आणि फक्त खड्ड्यात, स्पीडब्रेकरवर खडखड होत असेल तर लिंक रॉड, बॉल जॉइंट किंवा लोअर आर्मचे बुश. एक्सल बदलूनही आवाज गेला नाही, अशा कहाण्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा ही गल्लत असते.

टकटक सुरू झाली म्हणून गाडी त्याच दिवशी बंद पडत नाही. काही जण तशीच महिनोन् महिने चालवतात. पण जॉइंट एके दिवशी तुटला की इंजिन नुसते गरगरते आणि गाडी जागची हलत नाही, कारण डिफरन्शिअल सगळी फिरकी मोकळ्या बाजूला देऊन टाकते. हे घाटात, मागे ट्रकची रांग असताना घडले तर? त्या क्षणी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून उभी राहत नाही, ऑटोमॅटिक गाडीचे 'पी'सुद्धा तिला धरत नाही. हातातला हँडब्रेक तेवढा उरतो.

बूट, जॉइंट की अख्खा एक्सल?

गॅरेजमध्ये सरसकट 'असेंब्ली' बदलायला सांगतात, त्यात दरवेळी फसवणूक असते असे नाही. बूट काहीशे रुपयांचा आणि अख्खा एक्सल काही हजारांचा, हे खरे. पण नुसता बूट बदलायचा तरी एक्सल बाहेर काढावाच लागतो, मजुरी जवळपास तेवढीच पडते. आणि नवा बूट घालूनही महिन्याभरात आवाज आला तर गिऱ्हाईक मिस्त्रीच्याच दारात येऊन उभे राहते. त्यापेक्षा त्याला पूर्ण एक्सल बदललेला परवडतो.

गाडीच्या मालकाने हिशेब वेगळा मांडावा. बूट नुकताच फाटला आहे, आवाज अजिबात नाही, तर जॉइंट सोडवून, केरोसीनने स्वच्छ धुऊन, गोळ्या-खोबणी पाहून नवे ग्रीस आणि नवा बूट घालणे पुरेसे ठरते. बूट किटमध्ये ग्रीसची पुडी आणि पट्ट्या मिळतात. साधे बेअरिंगचे ग्रीस इथे चालत नाही. आवाज सुरू झाला असेल तर मात्र ग्रीसने झीज भरून येत नाही. तेव्हा बाहेरचा जॉइंट किंवा अख्खा एक्सल. बऱ्याच गाड्यांना बाहेरचा जॉइंट सुटा मिळतो. चिरलेला, वरून चिकटवायचा बूटही बाजारात दिसतो. गावी अडकलात तर परत येण्यापुरता ठीक, पण त्यावर अवलंबून मुंबई-गोवा करू नये.

जुना सोडवून नवे जॉइंट बसवलेला 'रीकंडिशन' एक्सल हा तिसरा पर्याय. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा भंगार बाजार इथे तो मिळतो. घ्यायचाच तर दुकानाच्या काउंटरवर दोन्ही टोके हातात धरून वाकवून पाहावीत. खडखड किंवा अडखळ लागली तर तिथेच परत द्यावा.

घरी करण्याजोगे काम आहे का?

ज्याने आधी स्वतः ब्रेक पॅड बदलले आहेत, पाने-सॉकेट ओळखीचे आहेत आणि सोबतीला एक माणूस आहे, त्याला हे जमते. पहिल्या वेळी पूर्ण दिवस धरावा. ज्याने अजून स्टेपनीसुद्धा स्वतः लावलेली नाही, त्याने इथून सुरुवात करू नये.

गाडी वॉरंटीत असेल तर हात लावू नये. इलेक्ट्रिक गाडीतही चाकाकडे हेच जॉइंट असतात, पण तिथे नारिंगी केबलमधून उच्च दाबाची वीज खेळत असते. ते काम प्रशिक्षित माणसाकडेच द्यावे. कायद्याची भीती मात्र नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मनाई आहे ती आरसीतल्या नोंदींशी विसंगत बदल करण्याला. तसाच सुटा भाग तशाच जागी बसवणे त्यात येत नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दुरुस्तीला बंदी असू शकते, तेवढे सेक्रेटरींना आधी विचारलेले बरे. फरशीवर तेल सांडल्यावर विचारले तर उत्तर वेगळे मिळते.

खरा धोका एकच आणि तो यंत्राला नाही, माणसाला आहे. लहान हॅचबॅकचे वजन ७५० ते १००० किलो असते आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या भागात. गाडीसोबत मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यासाठी असतो. तो लावून गाडीखाली शिरू नये, असे गाडीच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले असते. हायड्रॉलिक जॅकचे सील गेले तर तो कसलीही सूचना न देता खाली बसतो. आपल्याकडे त्याखाली विटांची थप्पी लावण्याची सवय आहे. वीट हळूहळू वाकत नाही, एकदम फुटते. जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजमधली घोडी, याला पर्याय नाही. ती विकत घ्यायची तयारी नसेल तर हे काम हाती घेऊ नये, इतके हे सरळ आहे. पेव्हर ब्लॉक, मातीची जागा, उतार यांवरही नाही. कठीण आणि सपाट काँक्रीटच हवे.

नट, बॉल जॉइंट आणि पहार

सुरुवात होते ती चाकाच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटपासून. तो एक्सलचे टोक हबमध्ये आवळून धरतो. छोट्या गाड्यांत ३०, ३२ किंवा ३६ मिलिमीटरचे सॉकेट लागते. आधी मापून घ्यावे. हा नट आपोआप सुटू नये म्हणून त्याची कड ठोकून एक्सलच्या खाचेत बसवलेली असते किंवा आडवी पिन घातलेली असते. बारीक छन्नीने ती कड उचलून घ्यावी लागते. हे न करता जोर लावला तर आटे जातात आणि मग नव्या एक्सलखेरीज इलाज उरत नाही.

नट ढिला करायचा तो चाक जमिनीवर असताना, हँडब्रेक ओढून आणि पहिला गिअर टाकून. किती जोर लागतो? कंपनीची आवळण्याची मापे गाडीगणिक साधारण १५० ते ३०० न्यूटन-मीटर असतात. २०० धरले तर ३० सेंटिमीटरच्या दांड्याला सुमारे ६८ किलोचा भार द्यावा लागेल. ६० सेंटिमीटरच्या दांड्याला त्याच्या निम्मा. गंज चढला असेल तर याहून किती तरी जास्त. म्हणून लांब दांडा किंवा वरून पाइप. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवले तर सकाळी निम्मी लढाई जिंकलेली असते. जॅकवर चढवलेल्या गाडीला असा हिसका देणे म्हणजे ती अंगावर ओढून घेणे.

नट फक्त ढिला करायचा, काढायचा नाही. अनेक गाड्यांत चाकाच्या बेअरिंगला याच नटने दाबून धरलेले असते. तो नसताना गाडीचे वजन चाकावर पडले किंवा गाडी ढकलली तर नवेकोरे बेअरिंगही खराब होते.

मग मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे, चाकाचे नट सैल, पुढचा भाग जॅकने वर, योग्य जागी घोडी आणि काढलेले चाक आडवे करून दाराखालच्या पट्टीखाली सरकवलेले. घोडी निसटलीच तर गाडी त्या चाकावर थांबते. एक्सल निघाला की गिअरमध्ये ठेवूनही गाडी अडत नाही, हे वर आलेच आहे, ठोकळे त्यासाठी.

आता गिअरबॉक्सचे तेल. एक्सल ओढला की त्या भोकातून तेल येणारच, म्हणून ते आधी काढून घेणे चांगले. पण तळाचा बोल्ट उघडण्याआधी तेल भरण्याचा बोल्ट सुटतो का ते पाहावे. तो गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सांडून बसलात, तर गाडी टोइंग करून न्यावी लागेल. गॅरेजमधले जुने लोक नव्या पोराला पहिल्याच आठवड्यात ही गोष्ट शिकवतात.

पुढे चाकाचा पूर्ण भाग, ज्यावर ब्रेक आणि हब असतात, तो बाहेरच्या बाजूला झुकवावा लागतो. त्याखेरीज एक्सलचे टोक हबमधून निघायला जागाच होत नाही. त्यासाठी एक तर खालचा बॉल जॉइंट सोडवायचा किंवा शॉक अॅब्सॉर्बरचे दोन मोठे बोल्ट काढायचे. पहिला मार्ग बरा, कारण त्यात चाकाचा कोन बिघडत नाही. बॉल जॉइंटचा बोल्ट पूर्ण बाहेर काढून लोअर आर्म पहारीने खाली दाबला की तो निसटतो. शॉक अॅब्सॉर्बरचे बोल्ट काढलेच तर त्याआधी रंगाने खूण करावी आणि नंतर व्हील अलाइनमेंट करून घ्यावे. दोन्ही मार्गांत ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर यांच्या पट्ट्या आधी सोडवायच्या. ही वायर ताणून तुटली तर डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा कायमचा सोबतीला येतो. कॅलिपर काढावा लागला तर तारेने बांधून ठेवावा. नुसत्या पाइपला लोंबकळत सोडू नये.

मोठा नट आता काढून परत दोन-तीन आटे लावायचा, टोकाशी बरोबरीत. त्यावर लाकूड ठेवून ठोकले की एक्सल हबमधून आत सरकतो. थेट लोखंडी हातोडी मारली तर टोक पसरते आणि मग तो ना आत जात ना बाहेर येत. अडूनच बसला तर पुलर वापरावा, राग नव्हे.

गिअरबॉक्सकडचे टोक एका बारीक स्प्रिंगच्या कडीने, सर्क्लिपने, अडकलेले असते. आतल्या जॉइंटची वाटी आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत पहार घालून एक झटका द्यायचा. इथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. गिअरबॉक्सचे कवच अॅल्युमिनिअमचे असते, पहार भलत्या जागी टेकली तर तुकडा उडतो. आणि दांड्याला धरून ओढायचे नाही. ओढला तर जॉइंट बूटच्या आतच सुटतो आणि वाटी गिअरबॉक्सला तशीच राहते. काही युरोपीय गाड्यांत सर्क्लिप नसून सहा बोल्टांनी फ्लँज जोडलेला असतो, तिथे पहारीचा संबंध येत नाही. दोन्ही बाजूंचे एक्सल एकाच वेळी बाहेर काढू नयेत. काही गिअरबॉक्समध्ये आतले दाते आधाराविना जागेवरून सरकतात.

नवा बसवताना

जुना आणि नवा जमिनीवर शेजारी शेजारी ठेवावेत. लांबी, दोन्ही टोकांचे दाते, एबीएसची कडी असल्यास तिचे दाते, सगळे जुळले पाहिजे. डावा आणि उजवा एक्सल बहुतेक गाड्यांत वेगळ्या लांबीचे असतात, कारण गिअरबॉक्स एका बाजूला बसवलेला असतो. दुकानदाराला फक्त मॉडेल सांगून चालत नाही. साल, पेट्रोल की डिझेल, मॅन्युअल की ऑटोमॅटिक आणि चासी नंबर सांगावा.

एक्सल निघालेला आहे तोवर गिअरबॉक्सचे ऑइल सील बदलून टाकावे. स्वस्त वस्तू आहे आणि जुने राहिले तर नव्या एक्सलभोवती पंधरा दिवसांत तेल पाझरू लागते. मग पुन्हा सगळे खोलायचे. सीलच्या ओठाला थोडे तेल लावून एक्सल सरळ आत घालावा. तिरपा गेला तर दाते सील कापतात. सर्क्लिप बसली की 'खट' असे जाणवते. जॉइंटची वाटी धरून ओढून पाहावे. बाहेर आली नाही म्हणजे बसली.

हबमधून टोक बाहेर काढून बॉल जॉइंट, पट्ट्या, वायर जागच्या जागी. नट नवाच वापरायचा. जुन्या नटची कड एकदा वाकवून सरळ केलेली असते, तिचा पुन्हा भरवसा धरू नये. आणि तो 'अंदाजाने घट्ट' करायचा नाही. टॉर्क पाना हे एकच हत्यार इथे उसने आणावे लागले तरी आणावे. कमी आवळला तर बेअरिंग खेळते आणि नट सैल होत जातो. जास्त आवळला तर काही गाड्यांत बेअरिंग तापून लवकर जाते. हवेच्या गनने शेवटचे आवळणे अनेक गॅरेजमध्ये चालते, पण त्याने मापाचा पत्ता लागत नाही. चाक लावून, गाडी खाली घेऊन, मदतनिसाला ब्रेक दाबायला सांगून पुस्तिकेतल्या मापाला नट आवळावा आणि कड खाचेत ठोकावी. चाकाचे नट लहान गाड्यांत साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर, समोरासमोरचे क्रमाने.

तेल भरताना गाडी सपाट हवी. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये भरण्याच्या भोकातून तेल परत ओघळू लागले की पातळी झाली. ग्रेड मात्र पुस्तिकेतलाच. मॅन्युअलला गिअर ऑइल, ऑटोमॅटिकला एटीएफ आणि सीव्हीटीला तिचे वेगळे तेल. ही अदलाबदल एक्सलच्या खर्चाच्या कित्येक पट महागात जाते.

पहिली फेरी सोसायटीच्या आवारातच, दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून. मग खाली वाकून तेल पाझरते का ते पाहायचे. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा तपासायचे.

माप आणि माहिती मिळते कुठे?

इथे घरच्या कारागिराची आणि नाक्यावरच्या मिस्त्रीची अडचण एकच आहे. गाडीसोबतच्या पुस्तिकेत टायरमधली हवा आणि तेलाचा ग्रेड असतो, पण एक्सल नटचे माप बहुधा नसते. ते कंपनीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते आणि ते सहज हाती लागत नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, त्यामागे हाच मुद्दा होता : अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणे कंपनीच्या अधिकृत जाळ्याबाहेरच्या गॅरेजना खुली नसणे. प्रकरण पुढे अपिलात गेले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'वर समिती नेमली आणि त्याच डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केले; शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे त्यात घेतली.

पोर्टलवर आपल्या गाडीचा शोध घ्यावा. तिथे हवे ते माप नसेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या सुपरवायझरला फोन करून थेट विचारावे. एका नटचे माप सांगायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. यूट्यूबवरच्या व्हिडीओतला आकडा मात्र आपल्याच मॉडेलचा आणि सालाचा आहे का, हे ताडून पाहिल्याशिवाय धरू नये. अमेरिकेतल्या होंडाचा आकडा चाकणच्या गाडीला लागू पडत नाही.

हे काम रविवारी काढण्याचा मोह होतो, सुटी असते म्हणून. पण रविवारी स्पेअर पार्टची बहुतेक दुकाने बंद. ऑइल सीलचे माप चुकले किंवा नट हरवला तर गाडी सोमवारपर्यंत घोडीवरच. शनिवारी सकाळी सुरू करावे आणि त्या दिवशी घरात दुसरे वाहन असावे.

काढलेले तेल गटारात ओतू नये. वापरलेले गिअर ऑइल २०१६च्या घातक कचरा नियमांत मोडते. कॅनमध्ये भरून जवळच्या गॅरेजला दिले तर ते आपल्या पिंपात घेतात. जुना एक्सल भंगारात किलोवर घालण्याआधी सुट्या भागांच्या दुकानात विचारून पाहावा. रीकंडिशन करणाऱ्यांना दांडा आणि वाट्या लागतात, त्यामुळे नव्याच्या किमतीतून काही रक्कम कमी होऊ शकते.